दादा येईपर्यंत

"साठी माही अन् उशीर त्याचा. आजही!" ऑर्गनपुढं बसल्या बसल्या बंडोपंत पुटपुटले. पट्ट्या पुसणाऱ्या त्यांच्या पत्नीला, अहिल्याबाईंनाच तेवढं ऐकू आलं.

"येतील हो. भाऊजी कधी वेळेवर आलेत?"

हे खरंच होतं. थोरले भाऊ नंदकिशोर गाणार, धाकटे बंडोपंत ऑर्गनवर. तीस वर्षांची जोडी. गायक दर खेपेला उशिरा, म्हणून लोकांना बसवून ठेवायला बंडोपंत सुचेल ते वाजवत. वारासिवनीत एकदा पावणेदोन तास. त्यातूनच नाव झालं. थोरला वेळेवर येता, तर धाकटा नुसता साथीदारच राहिला असता, असं लोक म्हणत.

आज बालाघाटच्या मंडळात साठीनिमित्त सत्कार. कार्यक्रम चारचा, आणि नंदकिशोर तिरोडीहून बसनं येणार होते.

सकाळपासून अभिनंदनाच्या तारा येत होत्या. पोस्टातला डोमाजी तारेगणिक एक पेढा उचलत होता. चौथी तार तिरोडीची, असं त्यानंच सांगितलं. बंडोपंतांनी ताट पुढं केलं.

"तीन झाले, पंत. पोट भरलं," म्हणून डोमाजी सायकलवर बसला.

"दादाच असंन. उशीर होते म्हनून कळवलं," म्हणत बंडोपंतांनी तार कोटाच्या खिशात टाकली.

चार वाजले. बंडोपंतांनी ऑर्गनच्या पायपट्ट्या मारायला सुरुवात केली.

बसस्टँड मंडळाला लागूनच. हॉर्न वाजला की बंडोपंत षड्जावर येऊन थांबत, आणि नंदकिशोर दारातूनच तो सूर उचलून गात आत येत. याच क्षणासाठी लोक उशीर माफ करायचे.

पाच वाजता हॉर्न वाजला. सगळ्यांच्या माना दाराकडं वळल्या. बंडोपंतांची वळली नाही. षड्जही आला नाही.

"रंगले आज," शेजारचा हिरालाल म्हणाला.

दारात आला तो बसचा कंडक्टर चैतराम, टोपी हातात घेऊन. त्यानं मंडळाचे सेक्रेटरी शालिकराम यांना खुणेनं बोलावलं.

"नंदकिशोरजी पहाटेच गेले. झोपेतच. सारे तिथं पंतासाठी थांबून राह्यले."

शालिकराम पायरीवरच बसले.

"आता सांगते कोन?"

"तू सेक्रेटरी हायेस," मागोमाग आलेला हिरालाल म्हणाला.

"अन् तू शेजारी!"

"मले नाही जमत, बाप्पा. सांगतलं की सुतक लागलं, अन् हात उचलला पेटीवरून. कानावर गेलं नाही तोवर सुतक नाही. वाजवू दे घडीभर."

घडीभराचा अर्धा तास झाला. शेवटी शालिकराम पाण्याचा पेला घेऊन स्टेजवर चढले.

"मधात बोलू नको, शालिक," बंडोपंत मान वर न करता म्हणाले.

पेला भरलेलाच परत आला. मग हिरालाल गेला, उगाच माइक सरळ करून आला. तोवर बातमी खुर्चीखुर्चीनं मागं सरकली होती. बायकांनी अहिल्याबाईंचे हात धरले. टाळ्या कुणी वाजवेना.

तेवढ्यात बंडोपंतांनी भैरवी धरली.

"गायक यायच्या आंधी भैरवी?" मागच्या रांगेतला एक पाहुणा कुजबुजला. त्याच्यापर्यंत बातमी पोचली नव्हती. "साठी बुद्धी नाठी!"

कुणी हसलं नाही. अहिल्याबाई उठल्या, पदर सावरत स्टेजवर गेल्या आणि त्यांच्याजवळ बसल्या.

"अहो..."

त्यांनी नुसता हात बंडोपंतांच्या गुडघ्यावर ठेवला. गुडघा पायपट्टीबरोबर वरखाली होत राहिला.

भैरवी संपली. बंडोपंतांनी दाराकडं पाहत षड्ज धरला. पाय थांबले. भात्यात उरलेल्या हवेवर सूर बारीक होत गेला आणि विझला. त्यांनी खिशातून तार काढून अहिल्याबाईंच्या हातात दिली. चिकटवलेली कड तशीच होती.

"पंगतीत वीस लाडू जिरवनारा डोमाजी. तीन पेढ्यानं पोट भरते त्याचं?" बंडोपंत म्हणाले. "चल, अहिल्ये. दादा गेला. जिंदगीत पहिल्यांदा तो माही वाट पाहून राह्यला."