विल्फची बुटकी गाडी

ॲड्रियनचे पाय आत गेले, कंबर आत गेली, खांदेही कसेबसे गेले. डोकं मात्र बाहेरच राहिलं. त्याने मान वाकडी केली, कान खांद्याला टेकवला आणि दार ओढून घेतलं. छप्पर टाळूला घट्ट बसलं. दोन्ही गुडघे टोळाच्या पायांसारखे स्टीअरिंगच्या दोन बाजूंनी वर आले.

"असा चालवणार?" विल्फने खिडकीशी येऊन विचारलं. त्याला फारसं वाकावं लागलं नाही. "रस्ता दिसतोय का, की नुसतेच गुडघे?"

"दिसतोय थोडा."

"पोलिसांना तसंच सांग. थोडा दिसतोय म्हणून."

इंग्लंडातल्या वॉल्सॉलच्या त्या शेडमध्ये ॲड्रियनच्या बापाने, विल्फ टंक्सने, ही गाडी स्वतःच्या हातांनी बांधली होती. शर्यतीच्या एका जुन्या गाडीची नक्कल, लाल, जेमतेम कमरेएवढी उंच. आणि नक्कल म्हणजे हुबेहूब. आरसा मूळ गाडीच्या आरशापेक्षा नखभर मोठा निघाला, तर त्याने तो सरळ कचऱ्यात टाकला होता. उंच माणसांच्या डोक्यासाठी छपराला टेंगूळ काढून घेणारे हौशी लोक असत. विल्फ त्यांच्या गाड्यांकडे पाठ करून उभा राहायचा.

गेल्या महिन्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्याचं गाडी चालवणं बंद केलं. आज चार वाजता गाडी विकत घ्यायला गिऱ्हाईक येणार होतं. हवापाण्याच्या गप्पा चालल्या असताना फोनवर विल्फ हे सहज बोलून गेला, आणि ॲड्रियन तडक पार स्कॉटलंडातल्या ॲबर्डीनहून निघून आला. त्याचं त्यालाच नवल वाटलं. लहानपणापासून या गाडीवर त्याचा राग. सुट्टीच्या दिवशी बाप शेडमध्ये आणि हा घरात एकटा. गाडी पुरी झाली त्याच वर्षी त्याने घर सोडलं, आणि जाता जाता म्हणाला होता, "त्या शवपेटीत मी कधी बसणार नाही." पण आई गेल्यापासून बापलेकांत बोलण्यासारखं दुसरं काही उरलंच नव्हतं. गाडी गेली की तेही संपणार होतं. हे त्याला तोंडाने सांगता येईना. तो एवढंच म्हणाला, "गाडी मला द्या, बाबा. मी चालवीन, तुम्ही शेजारी बसा."

विल्फने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. त्याला वेळ लागला. "बसून दाखव. बसलास तर तुझी. नाहीतर चार वाजता जाईल. आणि छपराला हात लावायचा नाही."

ॲड्रियनने बूट काढले. जाकीट काढलं. पुढे सरकून पाहिलं, तिरकं होऊन पाहिलं.

"आता कातडी तेवढी राहिली," विल्फ म्हणाला. "आईच्या घरचे सगळे असेच ताडमाड."

साडेतीन वाजून गेले होते. ॲड्रियन कण्हत बाहेर आला आणि जमिनीवरच बसला. "नाही जमत, बाबा."

विल्फने खिशातून पाना काढला, गाडीच्या दाराच्या चौकटीवर ठेवला आणि म्हणाला, "चहा टाकतो." मग घरात निघून गेला.

ॲड्रियन पान्याकडे बघत राहिला. काढण्यासारखी एकच गोष्ट होती. बापाची सीट. काळ्या चामड्यात म्हाताऱ्याच्या अंगाचा खळगा पडलेला. ती उचकटायची म्हणजे त्याला धक्के मारून बाहेर काढल्यासारखंच. पण वेळ नव्हता. त्याने नट सोडवले आणि सीट ओढून काढली.

खाली लाकडाचे ठोकळे होते. एकावर एक रचलेले, नीट तासलेले, काळा रंग दिलेले. त्याने तेही काढले. मग तळ चाचपायला हात खाली घातला, तर हात खाली जातच राहिला.

शेजारच्या सीटखाली तळ सपाट होता. इथे तो कापून काढून खोल तसराळ्यासारखा पत्रा जोडला होता. जोड इतका सफाईदार की बोटाला लागेना. ॲड्रियन पालथा पडला आणि मोबाइलचा उजेड पॅडलवर टाकला. पॅडल सीटला सगळ्यांत जवळच्या भोकांत बसवलेले होते. त्यांच्या पुढे आणखी भोकं होती, थेट गाडीच्या नाकापर्यंत. त्यांच्या कडेचा रंग कोरा होता. तिथे नट कधी बसलाच नव्हता.

ॲड्रियन उठून बसला. नखभर मोठा आरसा ज्याला खपला नाही, त्याने आपल्या हाताने गाडीचा तळ कापला होता.

त्याने पॅडल पार पुढे सरकवले, तळात घोंगडी टाकली आणि आत उतरला. पाय लांब झाले. दार लागलं. सवयीने टाळूवर हात धरून त्याने मान हळूहळू सरळ केली. काही लागलं नाही.

विल्फ दोन मग घेऊन दारात उभा होता.

"हे कधी कापलंत?" ॲड्रियनने विचारलं.

"चौदाचा होतास. दर महिन्याला पँट आखूड. कुठवर जाशील काही पत्ता लागेना, म्हणून जाईल तेवढं खोल नेलं."

"मग सांगितलं का नाहीत?"

"तू शवपेटी म्हणालास." विल्फने त्याच्या हातात मग दिला. "गिऱ्हाइकाला येऊ नको म्हणून कळवलंय."

"आणि हे ठोकळे?"

विल्फ वळसा घालून पलीकडच्या दाराने आत बसला. चहाचा घोट घेतला. बोलताना तो समोर काचेतूनच बघत होता.

"तेवढ्या खोलातून माझं डोकं काचेपर्यंत पोचत नव्हतं. पण तू येईपर्यंत कोणीतरी जागा धरून ठेवायला हवी होती ना."