पाच तासांचे लंडन

डेअरीला दूध गेले, म्हशींना वैरण पडली, अंगण झाडून झाले आणि मीनाबाई परात पुढ्यात ओढून दशम्यांचे पीठ दुधात भिजवू लागली. उद्या तिला मुंबईला निघायचे होते. तिथून विमान. लेक कामिनीचे पहिले बाळंतपण लंडनला होते.

ओट्यावर रूपचंदभाऊ शेजाऱ्यांना समजावत होते, "बुधवारनी पहाटे दोनले उडस, सातले उतरस. पाच तास! नासिकनी एसटीले बी तितलाच लागतस."

या पाच तासांच्या भरवशावरच त्यांनी बायकोला जायला होकार दिला होता. मीनाबाईला मात्र कामिनीने नीट सांगितले होते. सात वाजतील ते लंडनच्या घड्याळात. इथे गावात, कळसाडीत, तेव्हा साडेअकरा झालेले असतील. तिने ते पोटातच ठेवले. आपली बायको साडेनऊ तास आभाळात राहणार, हे कळते तर या माणसाने तिला घराबाहेर पाऊल टाकू दिले नसते.

"सातले उतरनी का लगेच फोन करजो," आत डोकावत ते म्हणाले. "फोन नही उना तर मन्हा जीव जाई."

ते हसले, मीनाबाईचे हात पिठातच थांबले. सात ते साडेअकरा हा माणूस फोन हातात धरून बसेल. एकेक मिनिट त्याला खाईल.

हात धुऊन ती मागच्या दाराने पुतण्याकडे गेली. चुलत्या-पुतण्याची विहीर सामाईक होती, आणि या आठवड्यात शेतीची वीज सकाळची होती.

"भूपेंद्र, बुधवारनी तुन्ही पानीनी पाळी तुन्हा काकाले दे. म्हंजे दुपारलोंग त्या घर येवाव नहीत. आनि त्यास्ले फोन घरच ठेवाले लाव. मागला फोन पाटमा पडना व्हता, तेच सांग."

भूपेंद्रच्या लक्षात आले. "काकू, काकानी तर आख्खा गावले लंडन नासिकइतलं करी टाकं!"

"करू दे. इमान काय त्यास्नं ऐकीसन उडस नही."

संध्याकाळी रूपचंदभाऊ चिडून आले. "भूप्याले नेमकं बुधवारेच सासरवाडीले जानं शे! त्यानी पाळी मले दिन्ही. ऊसले पानी कोन भरी? मी?"

"भरा ना. पीक आपलंच शे," मीनाबाई म्हणाली आणि दशम्या फडक्यात बांधू लागली.

बुधवारी विमानात तिच्या मनगटावरच्या घड्याळात कळसाडीचे सात वाजले. खिडकीबाहेर अजून अंधारच होता. शेजारची बाई झोपली होती. मीनाबाईने पदर सावरला आणि डोळे मिटले. पहिली सरी भरली असेल. आता ते कुदळीने माती ओढून पाणी दुसरीत वळवत असतील.