केकच्या पोटातली किल्ली

"कुणाचा विश्वास बसणार नाही, पण नाताळचे तीन दिवस मी कैदेत होतो!" बायको गेल्यापासून सण एकट्यानेच काढणारा दादा धाकट्या बहिणीला सांगत होता. समोरच्या घरातली माणसं म्हणजे एकेक वल्ली. पाहुणा आत आला की दाराला कुलूप आणि किल्ली केकच्या पोटात. ज्याच्या दाताखाली येईल त्यानेच दार उघडायचं.

"चार केक फस्त झाले, आजोबांनी एकच शिकारकथा सात वेळा ऐकवली, आजीने मला पोरांसोबत नाचायला लावलं, तरी किल्लीचा पत्ता नाही! खिडक्यांना गज. पळणार कुठून?"

 

बहीण हसली. "थापाड्या! उभा जन्म लोकांची अडकलेली कुलपं उघडून देऊन पोट भरलंस, आणि ते एक तेवढं तुला उघडेना होय?"