ओव्याची फुंकर

"डाक्टरनं तुहं दूध खराब हाय म्हन्लं, की गाडी इथूनच घनसावंगीला," तुळजाबाईनं सुनेला तिसऱ्यांदा बजावलं. "तू माहेरी. लेकरू माह्यापाशी."

जालन्याच्या दवाखान्याच्या ओसरीवर चतुरा अकरा महिन्यांच्या कडूबाला छातीशी धरून बसली होती. बाहेर लिंबाखाली बैलगाडी सोडलेली, आणि गाडीत तिच्या लुगड्यांचं गाठोडं आधीच बांधून ठेवलेलं. नवरा मच्छिंद्र बैलांना वैरण टाकायच्या निमित्तानं तिकडंच रमला होता. आईपुढं तोंड उघडायची वेळ आली की या गड्याला बैलांची फार काळजी लागायची.

कडूबाचा खोकला काही नवा नव्हता. पोरगं पंधरा दिवस बरं राहायचं, की पुन्हा नाक गळायला लागायचं, पुन्हा छाती घरघरायची. आधीची दोन लेकरं अशीच खोकून खोकून गेली. म्हणून तिसऱ्याचं नाव कडूबा ठेवलं. कडू जिनसेला मरण तोंड लावत नाही म्हणतात. पण खोकल्याला हे कुणी सांगितलं नव्हतं. कारण मात्र अख्ख्या हसनाबाद गावाला ठाऊक होतं: चतुराचं दूध बाधतं. तुळजाबाईनंच ते विहिरीवर, गिरणीवर, दिसेल त्या बाईला सांगितलं होतं. सहा वर्षं ऐकून ऐकून चतुरालाही ते खरं वाटायला लागलं होतं. पोराला पाजायला घेताना ती आधी देवाला हात जोडायची.

म्हातारी दुष्ट होती असं मात्र कुणी म्हणू नये. नातवावर तिचा जीव होता. पोरगं साधं शिंकलं तरी ही रात्रभर त्याच्या उशाशी बसायची. आज हसनाबादेहून निघाल्यापासून तिनं पाण्याचा घोटसुद्धा घेतला नव्हता.

शिपायानं नाव पुकारलं. दोघी आत गेल्या. डॉक्टर श्रीपतराव हैदराबादेत शिकून आलेले. बोलणं तुटक, पण हात हलका. त्यांनी पोराची छाती नळीनं ऐकली, पाठ ऐकली. मग चतुराला विचारलं, "अंगावर पितो ना?"

चतुरानं पोरावर पदर ओढला.

"तेच तर जहर हाय, डाक्टरसाहेब!" तुळजाबाई मधेच म्हणाली. "बिलकुल जहर. दोन खाल्ली तिच्या दुधानं. तुमी फकस्त तसं सांगा, मंग आमी बघून घेतो."

तेवढ्यात कडूबाला ढास लागली. पोरगं लाल झालं, मग निळसर. डॉक्टरांनी त्याला पालथं घेऊन पाठ थोपटली. श्वास मोकळा झाल्यावर त्याला आईच्या मांडीवर दिलं. तुळजाबाईला काही राहवलं नाही. तिनं कमरेच्या चंचीतून चिमूटभर ओवा काढला, तोंडात टाकून कराकरा चावला, पदराआड स्वतःच दोनदा खोकली आणि पोराच्या नाकातोंडावर गरम फुंकर घालायला वाकली.

"थांबा!"

डॉक्टरांनी आपला तळहात मधे घातला होता.

"आवं, ओव्याचीच हाय," म्हातारी चिडली. "तिन्ही लेकरान्ला म्याच घातली. सकाळ-संध्याकाळ, एक दिवस चुकले न्हाई."

"तुम्हाला खोकला कधीपासून आहे, आजी?"

"मला? मालक गेले तवापासून. झाले सहा-सात वर्सं. म्हातारपन हाय, चालायचंच."

डॉक्टरांनी नळी तिच्या पाठीला लावली. श्वास घ्यायला सांगितला, खोकायला सांगितलं, पुन्हा श्वास घ्यायला सांगितला. पोराला लागला नव्हता एवढा वेळ म्हातारीला लागला. मच्छिंद्र दारात येऊन उभा राहिला होता. चतुरानं डोळे मिटून घेतले. गाडी आता कुठल्या वाटेला लागणार, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

"दूध उत्तम आहे," डॉक्टर म्हणाले. "पोर आजवर तगलं ते त्या दुधावरच. पाजत राहा." मग ते तुळजाबाईकडं वळले. त्यांचा आवाज खाली आला. "आजी, रोग तुमच्या छातीत आहे. क्षय. फुंकरीबरोबर तुम्ही तोच याला देत होता. हे पोर वाचेल, वेळेवर आणलंत. पण आजपासून त्याच्याजवळ तोंड न्यायचं नाही."

चतुराला वाटलं, उठावं आणि थेट हसनाबादच्या वेशीत उभं राहून ओरडून सांगावं. सहा वर्षं! तिनं कडूबाला असं घट्ट धरलं की ते कुरकुरलं.

म्हातारीच्या तोंडात ओवा तसाच होता. गिळावा की थुंकावा, तिला कळेना. मग तिचे डोळे हळूहळू मोठे झाले.

"अन् पहिली दोघं?" तिनं विचारलं. "त्यान्लाबी म्याच...?"

डॉक्टर चष्मा पुसायला लागले. तिनं लेकाकडं पाहिलं. मच्छिंद्रनं मान खाली घातली. उरली सून. म्हातारी तिच्याकडं बघत राहिली, हात जोडायचे तेवढे बाकी होते.

आता नुसती 'हो' म्हणून मान हलवली असती तरी सहा वर्षं वसूल झाली असती. चतुराच्या ओठावर आलंही होतं. तिनं पोराला नवऱ्याच्या हातात दिलं, सासूजवळ जमिनीवर बसली आणि तिचा हात आपल्या हातात घेतला.

"न्हाई, आत्याबाई," ती म्हणाली. "ती दोघं माह्याच दुधानं गेली."