गेणभाऊची नोटीस

चार दिवस झाले, पुखराज आईशी, गुलाबबाईशी, धड बोलत नव्हता. सूर्य मावळायच्या आत घरी यायचा, खाली मान घालून जेवायचा आणि ताट सरकवून उठायचा. "जेवतोयस का चोरी करतोयस?" गुलाबबाईनं विचारलं, तर तो हात धुवायला निघून गेला. ओतूरच्या अख्ख्या पेठेत तिच्यापुढून तोंड चुकवून जायची कुणाची छाती नव्हती. आणि हे पोटचं पोर!

दुपारी गेणभाऊ ओट्यावर आला. घराच्या पुढच्या गाळ्यात तीस वर्षं शिलाई मशीन चालवणारा भाडेकरू. हातात वकिलाचा इंग्रजी कागद.

"शेठाणी, मला काढत्यात का काय?"

"मी जिवंत असताना कोण काढतंय तुला? चेतना, वाच गं."

चेतना पुखराजची मुलगी, पुण्यात वकिली शिकणारी, सुट्टीला आलेली. तिनं कागद वाचला आणि तिचा चेहराच उतरला.

"काढत नाहीत, काका. 'अटर्न' करा म्हणतात. म्हणजे नव्या मालकाला मालक माना."

"हा कुठला शब्द?" गुलाबबाईची शाळा तिसरीत सुटली होती, पण अडलेला शब्द ती सोडत नसे.

"जुना आहे, दादी. मूळ अर्थ वळणं. पूर्वी इंग्लंडात जमीन विकली, तरी कूळ नव्या धन्याकडं वळून 'हो' म्हणेपर्यंत व्यवहार पुरा होत नसे."

"शानी मान्सं," गेणभाऊ हुश्श करून म्हणाला.

"पण नवा मालक आला कुठून?" गुलाबबाईनं विचारलं.

चेतनानं कागद पाठीमागं धरला. गुलाबबाईनं कागद ओढून घेतला. इंग्रजी येत नव्हतं, पण खालची सही लेकाची होती. गाळा, घर, तिची मागची खोली, सगळं विकलेलं, चेतनानं हळूच सांगितलं. नवरा गेल्यावर हक्कसोडीच्या कागदावर तिनंच तोऱ्यात अंगठ्याऐवजी सही ठोकली होती. म्हणाली होती, "मला कशाला वाटा? मुलगा आहे ना!"

संध्याकाळी पुखराज जेवायला बसला. तिनं भाजी वाढली आणि कागद ताटाशेजारी ठेवला.

त्याचा घास हातातच राहिला. "बाई, सांगणारच होतो. पुण्याच्या फ्लॅटमध्ये तुझी खोली आहे."

"गेणभाऊला आधी सांगितलंस."

"त्याला कळवावंच लागतं. भाडेकरू आहे तो."

"चूक माझीच," गुलाबबाई म्हणाली. "तुझी आई म्हणून राहिले. भाडं भरून राहिले असते, तर एक कागद मलाही आला असता."