पाठीतला आवाज

खालच्या फळीवरून पोह्यांचा डबा उचलताना इंदुमतीच्या पाठीत कट्‌कन आवाज झाला. बाहेरच्या खोलीत पेपर वाचणाऱ्या भालचंद्ररावांनाही तो ऐकू गेला.

"काय मोडलं गं?"

"काही नाही हो, चमचा पडला."

कमरेतून वाकलेल्या इंदुमतीने कित्येक वर्षं लोकांच्या चपलाच पाहिल्या होत्या. गेल्या वर्षी मणक्यांत स्क्रू आणि दोन सळया बसवून डॉक्टरांनी तिला सरळ उभं केलं. "हाड नीट जुळून आलं नाही, तर सळई तुटू शकते. शंका आली की लगेच या," असं त्यांनी बजावलंही होतं. पण उद्या भाचीचं लग्न होतं. मामी म्हणून तिला चारचौघांत ताठ उभं राहायचं होतं. शिवाय फारसं दुखतही नव्हतं. लग्न उरकलं की दाखवू, असं तिने ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सगळे स्टेजवर फोटोला उभे राहिले. इंदुमती मान उंचावून हसली. फोटोग्राफरने कॅमेरा खाली घेतला.

"काकू, जरा सरळ उभ्या राहा ना."

"सरळच तर उभी आहे."

भालचंद्ररावांनी तिच्या पाठीला हात लावला. पदराखाली काहीतरी टोकदार लागलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"अहो, आधी फोटो होऊ द्या," ती पुटपुटली. उजव्या पायाखाली स्टेज आहे की नाही, हेच तिला कळेनासं झालं होतं.