गोळ्यांची अदलाबदल

हाडं ठिसूळ करणाऱ्या स्टेरॉइडऐवजी आतड्याच्या जुनाट व्रणांवर नव्या गोळीची चाचणी चालली होती. दोघी बहिणी त्यात होत्या. खरी गोळी कोणाला, साखरेची कोणाला, हे डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. थोरली सुधारली, धाकटीचं रक्त थांबेना. पुढच्या तपासणीत सगळं उलटं निघालं. "डब्या कुणी बदलल्या?" डॉक्टरांनी विचारलं. "मी," थोरली म्हणाली. "मला गुण आला, म्हटलं हिलाही येऊ दे. हिला यातलं काही माहीत नाही. मला काढा, हिला ठेवा." डॉक्टर धाकटीकडे वळले. "तुम्हाला खरंच माहीत नसेल, तर तुम्हाला ठेवता येईल का, हे चाचणीच्या समितीला विचारून बघतो. नाहीतर दोघींना पुन्हा स्टेरॉइड." थोरलीनं टेबलाखालून तिचा पाय दाबला. धाकटीनं पाय ओढून घेतला. "डबीवर ताईचा नंबर होता. मला पहिल्याच दिवशी दिसला." थोरलीनं कपाळाला हात लावला. "मोठी हरिश्चंद्राची लेक लागून गेलीस!"